‘मग?’ म्हणणारे सबनीस

सबनीसांवर लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, या माणसाला अहोजाहो करायचं नाही. ‘तो आला, तो बसला, त्यानं माझं घर लुटलं’ असं सरळ लिहून मोकळं व्हायचं. पण पहिल्याच ओळीत हात ‘ते’वर गेला. काय करणार! काही माणसं आपलं घर धुऊन नेतात आणि जाताना दार इतक्या हळू ओढून घेतात, की आपणच आतून ओरडतो, ‘सावकाश जा हं, जिन्यात अंधार आहे.’ सबनीस त्यातले.

मोहालीत विमानतळाजवळच्या आमच्या एअरोसिटीतल्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे, मी चौथ्यावर. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची हयात गेली. लोकांनी जळालं म्हणून सांगितलेलं खरंच जळालं का, हे वास घेऊन सांगायचे म्हणे. बायको वारल्यावर पुण्याचं घर बंद करून ते मुलाकडे आले. मुलगा मोहालीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. बापाला पंजाबी हवा मानवते न मानवते, तोवर मुलगा कॅनडाला गेला. फ्लॅट, तीन स्क्रीन, हुकूम ऐकणारा एक स्पीकर आणि फरशी झाडत फिरणारं एक यंत्र, एवढं मागे ठेवून.

दिसायला किडकिडीत, कायम इस्त्रीतले. आणि कान! तसे कान मी दुसऱ्या माणसाला पाहिले नाहीत. आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. धुक्याच्या दिवसांत वैमानिकांना धावपट्टी दिसत नाही तेव्हा ते सबनीसांच्या कानांच्या अंदाजानं विमान खाली आणतात, असं मी इथल्या मराठी मंडळात सांगायचो. मी कोल्हापूरचा जाधव. आमच्याकडे सत्याला थोडी हवा भरल्याशिवाय ते रस्त्यावर काढत नाहीत.

त्यांची माझी गाठ पडली तीच एका चोरीवरून.

आमच्या मंडळात चंडीमंदिरच्या छावणीतली फौजी कुटुंबं येतात, ती दोन-तीन वर्षांनी बदलतात. मोहालीतली नोकरीवाली पोरं येतात, ती तर सहा महिन्यांनी बदलतात. आणि माझ्यासारखे काही, थोड्या दिवसांसाठी येऊन कायमचे रुतलेले. दिवाळीच्या कार्यक्रमाला तन्मय नावाच्या पोरानं नवा मराठी सिनेमा पेनड्राइव्हवर आणला होता. हॉल भरला, दिवे मालवले, पडद्यावर नाव यायला लागलं आणि एक माणूस उठून प्रोजेक्टरच्या समोर उभा राहिला. नायिका थेट त्यांच्या कुडत्यावर आली. तिचे डोळे सबनीसांच्या खिशापाशी उघडमीट करत होते.

“हे कुठून आणलं?”

“काका, ग्रुपवर लिंक आली होती,” तन्मय म्हणाला.

“विकत घेतलंय?”

“घेणार कुठून? इथे थिएटरला मराठी पिक्चर लागतच नाही. मोबाइलवर चार कंपन्यांचे पैसे भरतो यार मी दर महिन्याला, आणि पाहिजे तो पिक्चर नेमका पाचवीकडे असतो. किती जणींचे हप्ते भरायचे माणसानं?”

“ज्या माणसानं हे रचलं, त्याच्या ताटातलं आपण उचलतोय. मी नाही बघणार, आणि मी इथे उभा असेतो कुणाला दिसणारही नाही.”

मेजर पाटलांच्या बायकोला आम्ही सगळे मेजरीणबाई म्हणतो. त्या मागून ओरडल्या, “अहो काका, भजी गार होतायत! चोरीचा तर चोरीचा, तेवढी नायिका तरी सोडा!”

हॉल हसला. सबनीस हलले नाहीत. शेवटी पेनड्राइव्ह निघाला, सबनीस चपला घालायला दाराशी गेले आणि अध्यक्षांनी घाबरून माझ्या पाठीत बुक्की मारली : “जाधव, काहीतरी बोल. लोक उठतील.”

मी उठलो आणि आमच्या गल्लीतल्या म्हशीनं शाळेची तपासणी कशी केली ते सांगायला लागलो. म्हैस हेडमास्तरांच्या खुर्चीपर्यंत आली, मी पाणी प्यायला थांबलो, आणि दाराकडून आवाज आला :

“मग?”

एका पायात चप्पल घातलेले सबनीस. ते तसेच परत आले, पहिल्या रांगेत बसले, खिशातला फोन काढून मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाले, “हं, म्हैस खुर्चीपर्यंत आली. मग?”

आता हा ‘मग?’ कसा होता ते सांगतो. आमची बायकोही ‘मग’ म्हणते, पण त्यात ‘आटपा लवकर’ असतं. साहेब म्हणतो, त्यात ‘मला काय त्याचं’ असतं. सबनीसांचा ‘मग?’ म्हणजे विहिरीत सोडलेला पोहरा. खाली काही नसलं तरी भरून वर यायचा. हेडमास्तरांनी म्हशीला हजेरीपट दाखवला, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ‘मग?’ म्हटलं आणि दाखवला.

त्या दिवसापासून आमची बैठक जमली. शनिवारी संध्याकाळी मी आणि माझी मुलगी ईरा त्यांच्याकडे, नाहीतर ते आमच्याकडे. फोन मात्र कायम पालथा. आजकाल समोरचा बोलत असताना लोक खाली बघून बोटं फिरवतात. हा माणूस फोनचं तोंडच जमिनीकडे करतो. किती मान देतो गोष्ट सांगणाऱ्याला! असं मी बायकोला भरल्या गळ्यानं सांगितलं होतं.

त्यांच्या घरी गेलं की त्या यंत्रांशी त्यांचा संसार बघायला मिळायचा. झाडणारं यंत्र पायाशी आलं की पाय वर घेऊन “या” म्हणायचे. ते सोफ्याखाली अडकलं की वाकून, “अडकलात का? थांबा, घाई करू नका.” स्पीकरला मराठीतून विचारायचे, “आज पाऊस येईल काय हो?” आणि तो पंजाबी लग्नातलं गाणं लावायचा. “ऐकू कमी येतं बिचाऱ्याला,” म्हणायचे. टीव्हीवर बराच वेळ कार्यक्रम चालला की ‘अजून बघताय का?’ असं येतं ना, त्यावर आपण चिडून बटण दाबतो. सबनीस आधी तोंडानं उत्तर द्यायचे : “आहे, आहे. डोळा लागला होता जरा.” घरात दुसरं कोणी ‘आहात का’ असं विचारत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सगळ्या कंपन्यांची वर्गणी मात्र रोखठोक. ईरानं एकदा लाडात येऊन विचारलं, “आजोबा, आपका पासवर्ड दो ना, हम ऊपर देखेंगे.” ईराला मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीतूनच येतं. सबनीसांनी तिला समोर बसवलं.

“पासवर्ड दिला तर ती चोरी. पण तू इथे माझ्या शेजारी बसून बघितलंस, तर तो पाहुणचार. येत जा. चिवडा मी करतो.”

ती जायला लागली. आणि परत आली की आम्हालाच शिकवायची. माझ्या फोनवर कुणी पाठवलेला सिनेमा दिसला की हातातून फोन काढून घ्यायची : “बाबा, चोरी का है. आजोबा बोलते हैं, पहले पूछो किसने बनाया.”

मॅचच्या दिवशीची गंमत तर विसरणं शक्य नाही. अंतिम सामना, आणि माझी वर्गणी संपलेली. मी कुठल्यातरी फुकटच्या लिंकवर मॅच लावली. जुगाराच्या जाहिराती बाजूला सारत बसलो होतो, चित्र असं अडखळत होतं की गोलंदाज धावायला लागला तो शेजारच्या फ्लॅटमध्ये विकेट पडून जल्लोष झाल्यावर पोचायचा. तेवढ्यात सबनीस आले. पडद्याकडे एक नजर टाकली, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

“काका, अहो फायनल आहे!”

“मी चोरीचं बघत नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा. तुमचं सांगणं चोरीचं नाही ना?”

मग काय, मी सांगितलं. एका षटकाराचा चेंडू मी शिवालिकच्या डोंगरापलीकडे पाठवला, तो हिमाचलात एका सफरचंदवाल्याच्या पेटीत पडला. सबनीस पाठमोरे, डोळे मिटून : “मग?” सफरचंदवाल्यानं तो सफरचंद म्हणून तोलला. मॅच संपली तेव्हा ते म्हणाले, “खेळाडूंना एवढं जमलं नसेल हो, जाधव.” त्यांच्या मांडीवर फोन पालथा होता.

आणि मग आबांची गोष्ट. ती नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरहून गुळाचा ट्रक घेऊन ते पार डोंगरापर्यंत यायचे. एकदा ऐन जूनमध्ये काल्क्याहून पिंजौरकडे उतरताना ट्रकचे ब्रेक गेले. खाली रस्त्यावर लग्नाची वरात. घोड्यावर नवरा, पुढे बँड. आबांनी ब्रेकवर पाय दिला, पाय थेट रस्त्याला लागला. तेव्हा त्यांनी एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हातातल्या विळ्यानं मागची दोरी कापली, आणि शेकडो ढेपा ट्रकला ओलांडून पुढे धावत सुटल्या. उन्हानं रस्ता तव्यासारखा झालेला. ढेपा पडतील तशा वितळल्या, चाकं त्या पाकात रुतत गेली, आणि ट्रक घोड्याच्या नाकासमोर थांबला. घोड्यानं बंपर चाटला. वऱ्हाडानं रस्त्यावरचा पाक पुऱ्यांनी पुसून खाल्ला.

आम्ही गाडीनं पिंजौरवरून गेलो की ईरा काच खाली करते. एक ठरावीक वळण आहे. तिथे हात बाहेर काढून म्हणते, “हाय आबा!” ती जन्मायच्या आधीच आबा गेले. त्यांचा फोटो एकच, तोही कुणाच्यातरी लग्नात अर्धा कापला गेलेला. तिच्याकडे आजोबा म्हणून जे काही आहे ते एवढंच : एक वळण.

ईराला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. आबा गुळाच्या अडत दुकानात कारकून होते. ट्रक त्यांनी भरताना पाहिले, चालवला कधीच नाही. मिरजेच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही. गोष्ट माझी, अथपासून इतिपर्यंत.

सबनीसांना ती मी त्यांच्या बाल्कनीत सांगितली. ईरा माझ्या मांडीवर होती. ‘आबांनी ब्रेकवर पाय दिला, आणि...’ इथे मी आलो, तेवढ्यात विमान आलं. आमच्याकडे विमान आलं की बोलणं थांबवावंच लागतं. ईरानं कानांवर हात ठेवले, मी वर बघत बसलो, विमान गेलं, आणि मी पुढे म्हणालो, ‘...पाय थेट रस्त्याला लागला.’ सबनीस म्हणाले, “मग?” किती प्रेमानं म्हणाले, काय सांगू!

पुढल्या गणपतीत मेजरीणबाई मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, “जाधव भाऊजी, तुम्ही उगीच भाव खात होतात इतके दिवस! सबनीस काकांचे व्हिडिओ बघितलेत का? काय सांगतात हो गोष्टी! माझी सासू साताऱ्याला रोज लावून बसते. तुमच्यापेक्षा चांगलं सांगतात, राग मानू नका.”

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर सबनीस. मागे पुस्तकांचं कपाट, तोंडावर गोल दिव्याचा उजेड. म्हैस होती. सफरचंदवाला होता. मी सगळं बघितलं, उभ्याउभ्या, हातातला मोदक तसाच. नुसती चोरी केली असती तर एक वेळ समजलो असतो. या माणसानं माझ्या गोष्टींना पॉलिश केलं होतं. माझ्या शेकडो ढेपा होत्या, त्यांच्या अठ्ठावीस. अठ्ठावीसवर कुणीही विश्वास ठेवतो! आणि वर शांतपणे म्हणत होते, “माझे वडील ट्रक चालवायचे.”

माझे वडील! अहो, चोर दागिने नेतो, भांडी नेतो. बाप नेलेला मी पहिल्यांदा बघितला.

“त्यांनी ब्रेकवर पाय दिला, आणि...” सबनीस थांबले. मान वर केली. छताकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं मान खाली केली : “...पाय थेट रस्त्याला लागला.” खाली लोकांनी लिहिलं होतं : काय ती शांतता! असा थांबणारा माणूस आता होणे नाही!

पालथा फोन. तेव्हा उमगलं, तो मांडीवर झोपलेला नव्हता, ऐकत होता.

घरी आलो तर ईरा पलंगावर बसलेली, मेजरीणबाईंनी धाडलेला व्हिडिओ आईच्या फोनवरून तिच्यापर्यंत पोचला होता. डोळे लाल.

“बाबा, आबा की स्टोरी आजोबा के पापा की है?”

“कोण म्हणालं?”

“आजोबा झूठ नहीं बोलते. वो तो चोरी की पिक्चर भी नहीं देखते.” आणि मग अगदी हळू : “आपने कॉपी की?”

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आणि सगळ्या पचल्या. एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा मी चपला शोधायला लागलो. तिचा हात धरून मी तसाच पहिल्या मजल्यावर उतरलो.

सबनीसांनी दार उघडलं. “या, या. चिवडा आहे.”

“काका, गोष्टी माझ्या आहेत.”

ते दचकले नाहीत. हेच तर लागलं. खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, “बसा. तुमच्या म्हणजे कशा?”

“कशा म्हणजे? मी सांगितल्या तुम्हाला! तुम्ही फोनमध्ये भरून घेतल्यात!”

“जाधव, तुम्ही प्रत्येक वेळी काय म्हणायचात? ‘शप्पथ, घडलेलं आहे.’ घडलेलं कुणा एकाच्या मालकीचं नसतं. वर्तमानपत्रात आग लागल्याची बातमी आली तर ती आग वार्ताहराची होते का? रचलेलं मी आयुष्यात कधी उचललं नाही. तुम्ही एक शब्द म्हणा, की हे रचलेलं आहे. आत्ताच्या आत्ता सगळे व्हिडिओ पुसतो आणि मंडळापुढे कान धरतो.” क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, “बोला. तुमच्या वडिलांचा ट्रक रचलेला आहे?”

नुकसानीची पाहणी करण्यात जन्म गेलेला माणूस. कुठे हात घातला की मी ओरडणार नाही, हे बरोबर ठाऊक होतं.

ईरा माझ्याकडे बघत होती. मला ते वळण दिसलं, खाली सरकणारी काच दिसली.

“घडलेलं आहे,” मी म्हणालो.

“मग प्रश्नच मिटला.”

“पण वडील माझे होते, काका! निदान ते तरी जाधवांचे म्हणायचेत!”

पहिल्यांदा त्यांची नजर खाली गेली. “माझे वडील पोस्टात होते,” ते म्हणाले. “शिक्के मारायचे. त्यांचं कधी काही घडलंच नाही हो.”

गुळाच्या दुकानातला कारकून माझ्या घशाशी येऊन बसला होता.

तेवढ्यात ईरा पुढे झाली. “आजोबा, स्टोरी में आप ऊपर क्यों देखते हो?”

“कुठे गं?”

“ब्रेक के बाद. आप रुकते हो, फिर ऊपर देखते हो.”

“ते... तसंच आहे ते. गोष्टीतच आहे.”

“नहीं,” ईरा म्हणाली. “वो तो प्लेन था.”

खोलीत फक्त ते झाडणारं यंत्र फिरत होतं. ते सबनीसांच्या पायाशी येऊन धडकलं, मागे झालं, परत धडकलं. त्यांनी पाय वर घेतला नाही, ‘या’ म्हणाले नाहीत.

जिना चढताना ईरानं माझा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या मजल्यावर तिनं विचारलं, “बाबा, ट्रक में क्लीनर भी होता है ना? शायद उनके पापा क्लीनर थे.”

“हो,” मी म्हणालो. “क्लीनरच. आणि झोपलेला होता.”

एवढाच सूड मला घेता आला.

त्यानंतर शनिवार बंद झाले. व्हिडिओ तसेच राहिले, सातारकर सासूबाई बघत राहिल्या. मंडळात लोक म्हणायचे, “जाधव, होऊन जाऊ दे एखादी,” आणि मी घसा बसल्याचं सांगायचो. खरं सांगायचं तर कुणी फोन काढून टेबलावर ठेवला की माझी गोष्ट तोंडातल्या तोंडात विरघळते. आता मी हवामानावर बोलतो, तेही बेताचं.

सबनीसांना त्यांचा मुलगा थंडीआधी कॅनडाला घेऊन गेला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जायच्या आदल्या आठवड्यात. संध्याकाळी ऑफिसातून येऊन खाली गाडी लावत होतो. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत उजेड होता. गोल दिवा, समोर स्टँडवर फोन, आणि इस्त्रीच्या कुडत्यात सबनीस. काहीतरी नवीन सांगायला बसले होते. एक माणूस होता, तो पोस्टात होता, एवढं ऐकू आलं. माझ्या गोष्टी संपल्या होत्या त्यांच्याकडच्या.

“एके दिवशी तो ऑफिसात गेला,” ते म्हणाले, “आणि...”

विमान आलं. या वेळी खरंच आलं. ते थांबले, वर बघितलं. विमान गेलं. सबनीसांनी मान खाली केली, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. पुढे काही नव्हतंच. मग ते फोनकडे वाकले, एक हात त्या मोठ्या कानामागे धरला आणि म्हणाले :

“मग?”

फोन सरळ उभा होता, तोंड त्यांच्याकडे. तो काय बोलणार?

मी गाडीच्या दाराशी उभा होतो. टपाल ऑफिसातला माणूस, हातात शिक्का, आणि समोरच्या पोत्यातून काहीतरी हललं, हे वाक्य माझ्या तोंडात आपोआप तयार झालं होतं. पोत्यात काय होतं तेही मला दिसत होतं.

वर त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

मी वाक्य गिळलं, गाडीला कुलूप घातलं आणि जिन्यानं गेलो नाही; त्यांच्या दारावरून जावं लागलं असतं. लिफ्टचं बटण दाबून उभा राहिलो.